कमळाचे नाव, फ्लोरिनचे काम

निसर्गप्रेरित नॅनो-पृष्ठभागांविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्याची मांडणी बहुतेक ठरलेली असते. कमळाच्या पानावर पाणी ठरत नाही. वैज्ञानिकांनी ते पान सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्याची नक्कल केली. आता कपडे, काचा, भिंती आणि भांडी पाण्याने भिजणार नाहीत की तेलाने माखणार नाहीत. आणि ही युक्ती निसर्गाचीच असल्यामुळे ती पर्यावरणाला पूरक आहे हे वेगळे सांगायची गरज नाही. व्याख्यानांत, विज्ञान प्रदर्शनांत, गाड्यांना ‘नॅनो कोटिंग’ करून देणाऱ्या दुकानांच्या फलकांवर हेच ऐकायला-वाचायला मिळते.

या मांडणीची सुरुवात खरी आहे. तेलापाशी आली की ती चुकते, आणि पर्यावरणापाशी आली की दिशाभूल करते. ही दिशाभूल निरुपद्रवी असती तर तिच्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. पण निसर्गाच्या नावाखाली जे रसायन घराघरांत पोचते आहे, त्याने आजवर अनेक गावांचे पिण्याचे पाणी नासवले आहे. म्हणून हा प्रतिवाद.

आधी कमळाला त्याचे श्रेय देऊ. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि त्यांचे सहकारी ख्रिस्तोफ नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले, की कमळाचे पान स्वच्छ राहते ते गुळगुळीत असल्यामुळे नव्हे, खडबडीत असल्यामुळे. पानावर काही मायक्रोमीटर उंचीचे उंचवटे असतात आणि त्या उंचवट्यांवर मेणाच्या नॅनोमीटर मापाच्या नळ्यांचे दाट रान असते. थेंब या रानाच्या शेंड्यांवर टेकतो आणि त्याच्या खाली हवा अडकून राहते. पाणी आणि पान यांचा खरा स्पर्श अगदी थोडा होतो, म्हणून थेंब गोल राहतो, जरा उतार मिळताच घरंगळतो आणि वाटेतली धूळ उचलून नेतो. या तत्त्वावर ‘लोटुसान’ हा भिंतींचा रंग १९९९ मध्ये बाजारात आला. त्याचे काम पावसाच्या पाण्याने भिंत धुऊन काढण्याचे होते आणि दावाही तेवढाच होता. अशा कामाशी माझे भांडण नाही.

भांडण सुरू होते ते तेलापाशी. इथे कोणाच्या शब्दावर विसंबायचे कारण नाही. बाजारातून अळूची ताजी जुडी आणली की पुरे. अळूच्या पानाची रचना कमळाच्या जातकुळीतली, उंचवट्यांवर मेण असलेली. न चुरगळलेल्या पानावर वरच्या बाजूने पाण्याचा थेंब सोडा. तो मोत्यासारखा गोल होतो आणि पान हलवले की खाली पडतो. आता त्याच पानावर शेंगदाणा तेलाचा एक थेंब सोडा. तो चपटा होत पसरतो, उंचवट्यांमधल्या फटींत उतरतो आणि तिथे गडद, ओलसर, चकाकता डाग पडतो. त्या डागावर पाणी टाका. ते आता घरंगळत नाही, चिकटून बसते. तिसऱ्या जागी पान अंगठ्याने दाबून चोळा आणि मग पाणी सोडा. तिथेही ते चिकटेल, कारण मेणाचे नाजूक रान अंगठ्याखाली मोडले. ज्या पानाच्या नावावर तेलरोधक कापड विकले जाते, ते पान तेलाच्या एका थेंबाने हरते.

हे असे का होते याचे कारण पृष्ठताणात आहे. २० अंश सेल्सिअसला पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२.८ मिलिन्यूटन असतो. स्वयंपाकातल्या तेलांचा तिशीच्या घरात, तर पेट्रोल-रॉकेलचा २० ते ३० यांच्या दरम्यान. पृष्ठताण जितका कमी, तितका द्रव पसरायला उत्सुक. सपाट पृष्ठभागाशी थेंबाचा जो कोन होतो त्याला स्पर्शकोन म्हणतात. तो ९० अंशांहून जास्त असला तर खडबडीतपणामुळे तो आणखी वाढतो, आणि ९० हून कमी असला तर खडबडीतपणामुळे तो आणखी घटतो, हे वेन्झेल यांनी १९३६ मध्येच मांडले. खाली हवा अडकली तर काय होते याचे गणित कॅसी आणि बॅक्स्टर यांनी १९४४ मध्ये दिले. पाण्यासाठी मेणाचा सपाट थरसुद्धा ९० ची रेषा ओलांडतो, म्हणून उंचवटे कमळाच्या मदतीला येतात. तेलाच्या बाबतीत ती रेषा सपाटीवर ओलांडणारा पदार्थच आपल्याकडे नाही. ज्ञात पृष्ठभागांत सर्वांत कमी ऊर्जेचा मानला जाणारा फ्लोरिनयुक्त थर घेतला, तरी त्यावर हेक्साडेकेनसारखे साधे तेल नव्वदच्या आतच राहते. म्हणजे कमळासारखे नुसते उंचवटे करून तेल थोपवता येत नाही. उलट ते अधिक जोमाने आत शिरते. पाण्याचे यश तेलापर्यंत ताणता येत नाही ते यासाठी.

मग तेल थोपवणारे पृष्ठभाग तयार झाले कसे? २००७ मध्ये अनिश तुतेजा, रॉबर्ट कोहेन, गॅरेथ मॅकिन्ली आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचे उत्तर दिले. रासायनिक थर आणि खडबडीतपणा यांच्या जोडीला तिसरी गोष्ट हवी, ती म्हणजे आत वळलेला आकार. उंचवटा खाली बारीक आणि वर रुंद, अळंबीच्या टोपीसारखा असेल, तर द्रव टोपीच्या कडेवरून खाली वळताना अडतो, कारण पुढे सरकण्यासाठी त्याला आपला पृष्ठभाग उलट्या बाजूने ताणावा लागतो. ९० च्या आतला स्पर्शकोन असूनही तेल अधांतरी राहते. ही सुंदर कल्पना आहे आणि ती मांडणाऱ्यांनी काहीही लपवलेले नाही. आपल्या नमुन्यांवर फ्लोरिनने भरलेल्या रेणूंचा लेप आहे हे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. लपवाछपवी पुढे होते. प्रयोगशाळेतला शोध दुकानापर्यंत येईतो आत वळलेला आकार वाटेत गळून पडतो, कारण तो कापडावर किंवा काचेवर स्वस्तात उठवता येत नाही. उरते ते फ्लोरिन, आणि वेष्टनावर उरते कमळाचे चित्र.

आता या फ्लोरिनचे निसर्गाशी नाते काय आहे ते पाहू. सजीवसृष्टीत कार्बन-फ्लोरिन बंध अत्यंत विरळ. काही मोजक्या वनस्पती फ्लोरोअॅसिटेट नावाचे जहाल विष बनवतात, त्यापलीकडे फारसे काही नाही. लेपांत वापरतात ती कार्बनच्या साखळीतला जवळजवळ प्रत्येक हायड्रोजन काढून तिथे फ्लोरिन बसवलेली संयुगे, म्हणजेच पीफास गटातली रसायने. पाणी किंवा तेल परतवण्यासाठी कोणतेही पान, कीटक किंवा मासा ती बनवत नाही. कार्बन-फ्लोरिन बंध सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या सर्वांत बळकट बंधांपैकी एक असल्यामुळे जिवाणू, ऊन आणि पाणी यांना तो सहजी तोडता येत नाही. ज्या गुणासाठी हे रसायन वापरायचे, त्याच गुणामुळे ते मातीत, नदीत आणि रक्तात साचत जाते. यातल्या पीएफओएस या संयुगाला दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रदूषकांना आळा घालणाऱ्या स्टॉकहोम कराराच्या यादीत २००९ मध्ये आणि पीएफओएला २०१९ मध्ये घातले गेले. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओएची नोंद माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केली.

याची किंमत कोणी मोजली हे जाणून घ्यायचे असेल तर इटलीतल्या विचेन्झा जिल्ह्यातल्या त्रिस्सिनोकडे पाहावे. मार्झोत्तो या कापड उद्योगसमूहाने १९६० च्या दशकात तिथे संशोधन-उत्पादनाचा एक कारखाना उभारला, आणि त्याच्या कामांत कापडाला पाणी-तेल न लागण्यासाठीच्या फ्लोरिनयुक्त रसायनांचा समावेश होता. पुढे तो मिटेनी या नावाने चालला. विचेन्झा, व्हेरोना आणि पादोवा या तीन जिल्ह्यांतल्या भूजलात ही रसायने पसरल्याचे २०१३ मध्ये उघड झाले. लाखो लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला, आयांनी संघटना करून मुलांच्या रक्ताचे अहवाल हातात घेऊन मोर्चे काढले. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि जून २०२५ मध्ये विचेन्झाच्या न्यायालयाने कारखान्याशी संबंधित ११ जणांना तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावल्या.

ही गोष्ट इटलीत संपली असती तर दूरची म्हणून सोडून देता आली असती. पण त्या बंद कारखान्याची यंत्रसामग्री आणि पेटंटे एका भारतीय कंपनीने घेतली आणि ती यंत्रे रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आणली गेली. तिथे प्रदूषण झाले आहे असा आरोप मी करत नाही, त्यासाठी मोजमाप हवे. माझे म्हणणे एवढेच, की जगबुडी-वाशिष्ठीच्या खोऱ्यात आणि दाभोळच्या खाडीत राहणाऱ्या माणसाला हे मोजमाप मागण्याचा पूर्ण हक्क आहे. आणि ‘पाणी-तेल न लागणारे कापड म्हणजे कमळाची जादू’ असे ज्याला सांगितले गेले आहे, त्याला हा प्रश्न विचारायचे सुचणारही नाही. निसर्गाचे नाव घेतल्याने प्रश्नच मिटून जातो, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

यावर तीन उत्तरे दिली जातात. ती तिन्ही तपासली पाहिजेत.

पहिले उत्तर असे, की लांब साखळीची धोकादायक रसायने गेली, आता आखूड साखळीची आली आहेत आणि ती सुरक्षित आहेत. आठ कार्बनऐवजी सहा कार्बन. ही साखळी शरीरातून लवकर बाहेर पडते हे अनेक संयुगांबाबत खरे आहे. पण बाहेर पडून ती जाते कुठे? पाण्यात. तिथेही ती विघटित होत नाही, आणि गाळण्यांतून पकडायला ती लांब साखळीपेक्षा अवघड असते. म्हणूनच युरोपीय संघाने २०२४ मध्ये सहा कार्बनच्या पीएफएचएक्सए या आम्लाच्या वापरावरही, त्यातही ग्राहकांच्या कपड्यांवर, निर्बंध आणले. एक संयुग बंद झाले की त्याचे भावंड पुढे करायचे हा खेळ या उद्योगात दोन दशके चालू आहे. प्रत्येक वेळी ‘हे वेगळे आहे’ असे सांगितले जाते आणि ते का वेगळे नाही हे सिद्ध करण्याचा भार पाणी पिणाऱ्यावर पडतो.

दुसरे उत्तर जास्त वजनदार आहे. तेल थोपवायचे तर फ्लोरिनशिवाय गत्यंतर नाही, असे म्हटले जाते. हे उत्तर देणारा नकळत एक कबुली देतो, ती म्हणजे हे तंत्र कमळाचे नाही. आणि ज्या निसर्गाचे नाव घेतले जाते, त्या निसर्गात याहून चांगले उत्तर आहे. ओल्या मातीत, कुजलेल्या पाल्यात स्प्रिंगटेल नावाचे मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे जीव राहतात. त्यांतले बरेच कातडीतून श्वास घेतात, त्यामुळे अंग भिजले तर गुदमरून मरण्याची पाळी. कुजत्या मातीतले पाणी कधीच शुद्ध नसते, त्यात पृष्ठताण घटवणारे अनेक पदार्थ मिसळलेले असतात. कमळाचे मेण इथे पुरले नसते. ड्रेस्डेनच्या संशोधकांनी २०११ पासून या जीवांच्या कातडीचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दिसले की तिच्यावर काही शे नॅनोमीटर मापाचे दाणे बारीक कडांनी एकमेकांना जोडलेले असतात आणि त्यांची जाळी तयार होते. कडांचा वरचा भाग आतल्या खळग्यावर पुढे झुकलेला असतो. हाच तो आत वळलेला आकार, तोही कायटिन, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थांतून घडवलेला. फ्लोरिनचा लवलेश नाही.

या रचनेत आणखी एक शहाणपण आहे. सुट्या खांबांच्या पृष्ठभागावर एखाद्या ठिकाणी द्रव खाली उतरला, की खांबांमधली जागा सलग असल्यामुळे तो दूरवर पसरतो. स्प्रिंगटेलच्या कातडीत प्रत्येक खळगा चारी बाजूंनी बंद असतो, म्हणून एक खळगा भरला तरी शेजारचा कोरडा राहतो. शिवाय जोडलेल्या कडा मातीत घासूनही सहजी मोडत नाहीत.

माणसालाही हे जमते याचा पुरावा २०१४ मध्ये मिळाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या लिऊ आणि किम यांनी सिलिकावर खिळ्यांसारखे सूक्ष्म खांब घडवले. खांबाच्या डोक्याची कड आडवी पसरून पुन्हा सरळ खाली वळलेली, म्हणजे दुहेरी आत वळलेली. त्यावर कोणताही जलविरोधी लेप नव्हता. एरवी सिलिका पाण्याने सहज भिजते. तरीही या पृष्ठभागाने पाणी परतवले, तेले परतवली आणि ज्याचा पृष्ठताण पाण्याच्या सातव्या हिश्श्याइतकाही नाही असा एफसी-७२ हा द्रवसुद्धा परतवला. लेपच नसल्यामुळे हजार अंशांहून अधिक तापवूनही त्याचा गुण गेला नाही. हे खांब चिप बनवण्याच्या खर्चिक पद्धतीने घडवले होते, त्यांचे कापड होत नाही आणि उद्या होईल असेही मी म्हणत नाही. पण ‘फ्लोरिनशिवाय अशक्य’ हे विधान त्या दिवशी खोटे ठरले. उरला तो खर्चाचा आणि उत्पादनाचा प्रश्न, आणि खर्चाच्या प्रश्नाला निसर्गनियमाचे रूप देणे हे अप्रामाणिक आहे.

घटपर्णीचे उदाहरणही इथे पाहण्यासारखे आहे. मेघालयात आढळणाऱ्या घटपर्णीसारख्या वनस्पतींच्या घड्याच्या काठावर सूक्ष्म पन्हळी असतात. त्यांत पाण्याचा पातळ थर टिकून राहतो आणि कीटक त्यावरून घसरून आत पडतो. हवा अडकवण्याऐवजी द्रवच अडकवण्याची ही कल्पना घेऊन हार्वर्ड विद्यापीठात जोआना आयझेनबर्ग यांच्या गटाने २०११ मध्ये घसरडा पृष्ठभाग केला, ज्यावरून पाणी, तेल, रक्त सारेच घसरते. मात्र त्या पहिल्या नमुन्यांत अडकवलेला द्रव पूर्ण फ्लोरिनयुक्त होता. घटपर्णी हे काम पावसाच्या पाण्याने आणि स्वतःच्या मधुरसाने करते. पुढे सिलिकोन आणि वनस्पतिज तेले वापरून असे पृष्ठभाग झाले, ही आशेची गोष्ट आहे. पण मूळ नमुन्याला ‘घटपर्णीकडून घेतलेला’ म्हणताना घेतले काय आणि बाहेरून आणले काय, हे दोन्ही सांगायला हवे.

या दुसऱ्या उत्तरापुढे आणखी एक साधा प्रश्न उभा राहतो. तेल थोपवायची गरज नक्की किती ठिकाणी आहे? रेनकोटला, छत्रीला, शाळेच्या दप्तराला पावसापासून वाचायचे आहे. त्यासाठी मेण, सिलिकोन किंवा साध्या हायड्रोकार्बनचा लेप पुरतो. शस्त्रक्रियेचे अंगरखे, आग विझवणाऱ्यांचे कपडे अशा थोड्या जागी गरज खरी आहे. तिथे पर्याय सापडेपर्यंत मोजका, नोंदवलेला वापर समजण्यासारखा आहे. पण सोफ्यावर चहा सांडेल या भीतीने न तुटणारे रसायन नदीत सोडणे समर्थनीय नाही. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून बहुतेक नव्या कपड्यांत पीफास वापरण्यावर बंदी आणली, डेन्मार्कने २०२० मध्येच अन्नाच्या कागदी वेष्टनांवर आणली. तिथले लोक भिजत किंवा उपाशी राहिलेले नाहीत.

तिसरे उत्तर आकड्यांचे असते. ‘आमच्या पृष्ठभागाचा स्पर्शकोन १६० अंश आहे’ असे म्हटले की श्रोते गप्प होतात. गप्प होऊ नये. १५० अंशांच्या पुढे हा कोन मोजणे अवघड असते, कारण छायाचित्रात थेंब नेमका कुठे टेकतो ती तळरेषा धूसर होते आणि ती एका पिक्सेलने चुकली तरी कोन काही अंशांनी बदलतो. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या रॉबिन रास यांच्या गटाने २०१९ मध्ये हे ठळकपणे मांडले. त्याहून मोठा प्रश्न हा, की कोन मोजला कधी? नव्या नमुन्यावर, स्वच्छ पाण्याने. वीस धुण्यांनंतर, साबणाच्या पाण्यात, पावसाळ्यातल्या दमट हवेत काय होते? २००५ मध्ये चेंग आणि रोडॅक यांनी दाखवले, की वाफ थंड होऊन पाणी थेट पानावर साकळले तर खुद्द कमळाच्या पानावरही ते चिकटून बसते, कारण बारीक थेंब उंचवट्यांच्या मधेच जन्म घेतात. कोकणातल्या पावसाळ्यात कपाटात टांगलेल्या कपड्यावर काय होईल हे यावरून ताडून पाहावे.

टिकाऊपणाचा प्रश्न सुटणारच नाही असे मात्र नाही. २०२० मध्ये चीनमधल्या चेंगदू इथल्या शू देंग आणि रास यांच्या गटांनी मिळून नाजूक नॅनोरचना एकमेकांना जोडलेल्या सूक्ष्म चौकटींच्या आत बसवल्या. घर्षण चौकट सोसते, आतली रचना शाबूत राहते. स्प्रिंगटेलच्या जोडलेल्या कडा जे सांगतात, तेच इथे वेगळ्या वाटेने सिद्ध झाले. या क्षेत्रात असे कसदार काम होते आहे म्हणूनच त्याच्या नावावर चाललेल्या सैल दाव्यांना विरोध करायला हवा.

जिवंत पानाची एक गोष्ट मात्र कोणताही लेप अजून करत नाही. पान झिजलेले मेण पुन्हा बाहेर टाकते आणि हंगाम संपला की कुजून मातीत मिसळते. आपण निसर्गाकडून आकार उसना घेतला आणि त्याच्या अटी सोडून दिल्या. पान जे पदार्थ वापरते ते सजीवसृष्टी पचवू शकते. त्याचा संरक्षक थर झिजला तर दुसऱ्या कोणाच्या अंगात जाऊन साचत नाही. निसर्गप्रेरित म्हणवून घ्यायचे असेल तर या अटीही घ्याव्या लागतील. त्या परवडत नसतील तर ‘जलविरोधी रसायन’ असे सरळ म्हणावे आणि त्या रसायनाचे नाव लिहावे.

माझ्या मागण्या साध्या आहेत. पाणी-तेल न लागणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या वेष्टनावर लेपाचा रासायनिक गट छापलेला असावा. कोनाचा आकडा छापायचा असेल तर किती धुण्यांनंतरचा आणि किती घर्षणानंतरचा तेही छापावे. ज्या वसाहतींत फ्लोरिनयुक्त संयुगे बनतात, तिथल्या सांडपाण्याची आणि आसपासच्या विहिरींची तपासणी नियमित व्हावी आणि तिचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. विज्ञान शिकवणाऱ्यांनी आणि लिहिणाऱ्यांनी कमळाची गोष्ट सांगताना तेलाचा थेंबही सांगावा. तो वगळून सांगितलेली गोष्ट जाहिरातच ठरते. आणि संशोधनाला पैसा देणाऱ्यांनी विचारावे, की यात आकाराचे काम किती आणि फ्लोरिनचे किती. आकारावर काम करणाऱ्याला आधी पैसा मिळाला पाहिजे, कारण अवघड आणि खरे काम तेच आहे.